चिमणी ठेवली, पण साचेखातं कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मुंबईत होऊ घातलेल्या गिरण्यांच्या म्युझियमबद्दल आहे. लांबलंय हे मला माहितीये, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त इंग्लंडातल्या बर्नलीच्या गिरणीचा भाग तेवढा ठेवा. सगळं मोबाईलवर एका बोटाने टाइप केलंय त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाचं तुम्हीच बघून घ्या.

मी 67 वर्षांचा, राहायला डोंबिवलीत, जन्म लालबागच्या चाळीतला. 1977 पासून 1982 पर्यंत एका गिरणीत साचेखात्यात होतो (साचा म्हणजे कापड विणायचा माग), पहिली तीन वर्षं बदली, म्हणजे कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी, आणि मग कायम. वडील त्याच खात्यात 31 वर्षं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो मागे घेतलाय असं आजपर्यंत कुणी म्हणालेलं नाही, म्हणजे हिशेबाने मी अजून संपावरच आहे असं आमची ही म्हणते. नंतर कुरिअर केलं, वॉचमनकी केली, मुलीला शिकवलं. ती आता इंग्लंडात ब्लॅकबर्न नावाच्या गावी हॉस्पिटलात फिजिओ आहे. गेल्या वर्षी तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं पाच महिने तिकडे होतो. हिला बाळ-बाळंतीण, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, क्षणाची फुरसत नाही, आणि मला काम काय तर बाबागाडी ढकलायची. ढकलत ढकलत मी पूर्ण गाव पालथं घातलं.

आता गंमत बघा. ब्लॅकबर्न हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते साच्यावर. साच्याच्या बाजूच्या बिडाच्या फ्रेमवर उठावाच्या अक्षरात ओतलेलं असायचं, मला वाटायचं कंपनीचं नाव असेल. ते गाव निघालं! आम्ही ज्याला लँकेशायर लूम म्हणायचो तो साचा 1842 साली याच ब्लॅकबर्नमध्ये तयार झाला, केनवर्दी आणि बुलो अशा दोघांनी केलेला, तार तुटली की आपोआप थांबणारा वगैरे सुधारणा त्यांच्या. आणि सूतकताईची मशिनं यायची तिथून पंचवीसेक मैलांवरच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी काढली तीसुद्धा याच प्लॅटवाल्यांच्या मदतीने. म्हणजे माझ्या बापाने 31 वर्षं ज्याच्यासमोर उभं राहून काढली ते सगळं लोखंड मुळात या गावांतलं.

ब्लॅकबर्नहून बसने थोडं पुढे डार्वेन म्हणून छोटं गाव आहे, दोन टेकड्यांच्या मधे बसलेलं. बस उतारावरून खाली आली की समोर एक चिमणी दिसते. दिसते म्हणजे काय, दुसरं काही दिसतच नाही. 303 फूट. चौकोनी, लाल विटांची, मधे काळ्या-पांढऱ्या विटांची नक्षी, वरती कोरीव काम केलेला सज्जा, इटलीतल्या चर्चच्या घंटाघरासारखी. खाली मोठी दगडी गिरणी. जावयाला विचारलं ही कुठली, तो म्हणाला बाबा नाव वाचा ना. वाचलं तर इंडिया मिल. मी बाबागाडीचा ब्रेक लावून तिथेच उभा राहिलो.

ही 1867 ची. ते साल नीट लक्षात घ्या, कारण त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं ते आपण शाळेत शिकलोय पण एकत्र जोडून कुणी सांगितलं नाही. 1861 ला अमेरिकेत आपापसातली लढाई लागली, तिकडचा कापूस लँकेशायरला, म्हणजे ब्लॅकबर्न-डार्वेनच्या या मुलखाला, यायचा बंद झाला, हजारो साचे थांबले, माणसं खिचडीच्या रांगेत उभी राहिली (त्यांची खिचडी म्हणजे सूप). मग कापूस कुठून आणायचा तर आपल्याकडून. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, सगळ्याला तिकडे एकच नाव, सुरत कापूस. आखूड धाग्याचा, कचरा जास्त, तारा सारख्या तुटणार. प्रार्थनेत कुणीतरी म्हणालं देवा आम्हाला कापूस पाठव, तर मागून एक विणकर ओरडला, पण सुरतेचा नको रे बाबा! हा किस्सा तिकडे आजही सांगतात. मला त्या विणकराचा राग नाही आला, सारख्या तारा तुटणाऱ्या बीमवर (बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ) मी पण पाळ्या काढल्यात, त्या दिवशी आपण देवाला काय काय बोलतो ते पेपरात छापण्यासारखं नसतं.

पण इकडे मुंबईत त्याच सुरत कापसाने पैशाचा पाऊस पडला. शेअर, समुद्रात भराव घालायच्या रेक्लमेशन कंपन्या, नुसता धुमाकूळ, आणि 1865 ला लढाई संपली तसा सगळा फुगा फुटला. कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्यात पार बसले तरी आईच्या नावाने त्यांनी जे पैसे दिले त्यातून राजाबाई टॉवर झाला. म्हणजे एकाच कापसाचे दोन मनोरे, एक आपल्या युनिव्हर्सिटीत आणि एक या डार्वेनच्या खळग्यात. विदर्भाच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ऊमरा म्हणायचे, अमरावतीचा म्हणून. आपल्या अमरावतीच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलंय का?

याच डार्वेनला 26 सप्टेंबर 1931 ला गांधीजी आले होते. गोलमेज परिषदेला लंडनला आलेले, तेव्हा गिरणीवाल्यांनीच बोलावलं की तुमच्या बहिष्काराने आमच्याकडे काय हाल झालेत ते डोळ्याने बघा. आले, बेकार कामगारांना भेटले, त्यांना सरळ सांगितलं की तुमच्याहून कितीतरी जास्त माणसं आमच्याकडे अर्धं वर्ष कामाशिवाय बसतात. आणि तरीही गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात वर करून जल्लोष करतायत असा फोटो आहे, तुम्ही पाहिला असेल. तो ग्रीनफील्ड मिलचा, इंडिया मिलचा नाही, पण गाव हेच. तो फोटो मी लहानपणापासून बघतोय पण त्या गावात उभं राहिल्यावर मला आठवला बाबू गेनू. तोही गिरणी कामगारच, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला तो उठला नाही. म्हणजे मधे साडेनऊच महिने गेलेत. हात वर केलेल्या त्या बायकांना कुणी बाबू गेनूचं सांगितलं असेल का हे काही मला त्या गावात कुणाला विचारता आलं नाही, माझं इंग्लिश तेवढं नाही.

तर इंडिया मिल. कापडाचं काम बंद होऊन तिसेक वर्षं झाली. आत ऑफिसं आहेत, गेटवर वॉचमन, त्याच्याकडे बघून मला माझे दिवस आठवले. पण इमारत उभी आहे आणि चिमणी उभी आहे, कारण दोन्ही लिस्टेड. लिस्टेड म्हणजे सरकारी यादीत नाव, एकदा ते लागलं की मालकाला परवानगीशिवाय एक खिडकी बदलता येत नाही. सगळं गाव त्या चिमणीवरून पत्ता सांगतं. आमच्याकडे पण तसंच होतं ना, अमुक गिरणीच्या गेटसमोर, तमुक गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचं.

आता कुणी म्हणेल इंग्रज लोक फार जपतात, आपल्याला किंमत नाही. असलं गुळमुळीत बोलणं मला आवडत नाही. तिकडेही शेकड्याने पाडलंय. बोल्टनचा फ्रेड डिब्ना म्हणून चिमण्या पाडणारा माणूस होता, बुंध्याच्या विटा काढून लाकडाचे टेकू लावायचा आणि टेकूंना आग लावायचा, टेकू जळाले की चिमणी ठरवलेल्या बाजूला आडवी, बघायला जत्रा जमायची, टीव्हीवर त्याचे कार्यक्रम. ओल्डहॅमला एकेकाळी साडेतीनशेच्या वर गिरण्या होत्या, त्यातल्या आता किती उभ्या दिसतात ते जाऊन बघावं. आणि लिस्टेड असून रिकाम्या पडल्या की आग लागते. ब्रॅडफर्डची ड्रमंड मिल 2016 ला जळाली, कीथलीची डाल्टन मिल्स 2022 ला. लिस्टला नाव असलं तरी छपरातून पाणी गळायचं थांबत नाही.

वाचल्या त्या दोन-तीन प्रकारे वाचल्या. जावयाने एका रविवारी सॉल्टेअरला नेलं होतं. टायटस सॉल्ट नावाच्या मालकाने 1853 ला तिथे गिरणी काढली, शेजारी कामगारांसाठी पूर्ण गाव वसवलं, घरं, शाळा, हॉस्पिटल, फक्त दारूचा गुत्ता नाही. 1986 ला गिरणी बंद पडली, पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या एका धंदेवाल्याने ती विकत घेतली आणि आत डेव्हिड हॉकनी या चित्रकाराची चित्रं लावली, आता पुस्तकांचं दुकान, हॉटेल, युनेस्कोच्या यादीत 2001 पासून. छान आहे. हिने तिथे चहाचे कप बघितले आणि किंमत बघून परत ठेवले. ब्रॅडफर्डच्या लिस्टर मिल्सची चिमणी जवळपास अडीचशे फूट, खाली आता महागडे फ्लॅट, आणि याच गिरणीत 1890-91 च्या हिवाळ्यात पगारकपातीवरून मोठा संप झाला होता, कामगार हरले पण त्यातूनच तिकडचा मजूर पक्ष उभा राहायला सुरुवात झाली म्हणतात. फ्लॅटच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसावं.

पण मला जे सांगायचंय ते बर्नलीचं. ब्लॅकबर्नच्या पुढे तासाभरावर, हार्ल साइक म्हणून भाग आहे, तिथे क्वीन स्ट्रीट मिल. 1894 ला बांधायला घेतलेली विणाईची गिरणी, एकमजली, वर करवतीच्या दातांसारखं छप्पर, काचा फक्त उत्तरेच्या बाजूला. आमच्या खात्याचं छप्पर हुबेहूब असंच होतं आणि पाच वर्षं त्याच्याखाली काम करून मला कळलं नव्हतं की काचा उत्तरेलाच का. तर थेट ऊन आत येऊ नये, दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि कापडातला दोष दिसावा म्हणून. आणि एकमजली अशासाठी की शेकडो साच्यांचा हादरा वरच्या मजल्याला झेपत नाही, सूतकताई माळ्यावर चालते, साचे जमिनीवरच पाहिजेत.

ही गिरणी शेवटपर्यंत वाफेवर चालली. 500 हॉर्सपॉवरचं एक इंजिन, त्याचं नाव आधी प्रूडन्स होतं, म्हणजे शहाणपण, पहिल्या महायुद्धानंतर बदलून पीस केलं, शांतता. इंजिनाला नाव ठेवतात बघा. आपणही खंडेनवमीला साच्याला हार घालायचो, गुलाल लावायचो, पण नाव ठेवल्याचं नाही आठवत. खरं म्हणजे मी गिरणीत काम करून वाफेचं इंजिन कधी पाहिलंच नव्हतं, कारण मुंबईत 1915 पासून टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना मिळायला लागली, आमच्या वेळी बॉयलर होते ते सुताला कांजी द्यायला आणि धुलाई-रंगाईसाठी. तिकडे बर्नलीत मात्र ही पीसबाई खात्यातले सगळे साचे एकटी ओढत होती, एक लांबलचक शाफ्ट, त्यावरून प्रत्येक साच्याला चामड्याचा पट्टा. आणि ती गिरणी बंद कधी पडली माहितीये? 1982. मार्च महिन्यात. आमचा संप दोन महिन्यांचा झाला होता तेव्हा. आम्ही गेटबाहेर भाषणं ऐकत होतो आणि तिकडे जगातली वाफेवरची शेवटची विणाई गिरणी थांबत होती, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आता ते म्युझियम आहे. तीनशेच्या आसपास लँकेशायर लूम जागच्या जागी उभे. आम्ही गेलो त्या दिवशी एक म्हातारी बाई माहिती सांगत होती, माझ्याच वयाची, प्रत्येकाला लव्ह म्हणून हाक मारणारी. तिने थोडं बोलून झाल्यावर दोन-तीन साचे चालू केले.

संपादक साहेब, बाकीचे लोक कानावर हात ठेवून मागे सरकले. मी पुढे सरकलो. 43 वर्षांनी तो आवाज ऐकला. खडखड म्हणतात लोक पण खडखड नाही तो, धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणारा लाकडी तुकडा, एका टोकाला आपटतो, फणी ठोकते, परत दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्यात एक ठेका असतो, ठेका चुकला की विणकर मान न वळवता सांगतो कुठल्या साच्यात बिघाड आहे. नातू माझ्या छातीशी होता तो झोपेतून उठला पण रडला नाही. रक्तातच आहे म्हटलं.

मग एक झालं. ती बाई आवाजात काहीतरी सांगत होती, म्हणजे आवाज काढत नव्हती, फक्त ओठ हलवत होती मोठे मोठे करून आणि हाताने खुणा करत होती. तिकडे त्याला मी-मॉइंग म्हणतात असं मुलीने नंतर सांगितलं. साच्यांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून तिथले विणकर ओठांवर बोलायचे. आता हे मला कोण शिकवणार! आम्ही हेच करायचो. तीन बोटं म्हणजे जॉबर, आमचा मुकादम, येतोय, कपाळाला हात म्हणजे बीम संपली, अंगठा तोंडाशी म्हणजे चहा. मी तिला खूण केली, बोटाने धोटा दाखवला आणि छातीवर हात ठेवला, मी पण. तिला लगेच कळलं. साचे थांबवून तिने खिशातून दोन तुटके धागे काढले आणि माझ्यापुढे धरले, जणू परीक्षाच. मी विणकराची गाठ मारून दिली. बोटं आता जाड झालीत, चष्मा लागतो, तरी दोनेक सेकंदात बसली. तिने ओढून बघितली, हसली आणि सगळ्यांना दाखवत सुटली. तिथून पुढे ती माझ्याशी ओठांवरच बोलत होती, आणि ज्याला इंग्लिश येत नाही अशा माणसाशी पाच महिन्यांत त्या देशात कुणी इतकं बोललं नव्हतं.

तिने धोट्याचं पण दाखवलं. धोट्यातली सुताची कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा, तर तोंड लावून चोखायचा. तिकडे त्याला धोट्याचा मुका म्हणायचे. एकाच धोट्याला दहा जणांची तोंडं, त्यातून दमा, क्षय, दात किडणे. माझे वडील शेवटची बारा वर्षं खोकत होते. म्हणून म्युझियम म्हटलं की मला जुन्या दिवसांचा गोडवा नकोय, हे सगळं दिसायला हवं, कापसाचे तंतू, उकाडा, बोट तुटलेली माणसं.

तेही सुखाने चाललंय असं नाही. इमारत तिकडच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या यादीत, तरी 2016 ला तिथल्या कौंटी कौन्सिलने पैसे नाहीत म्हणून म्युझियमच बंद केलं होतं. पुन्हा उघडलं, पण हंगामापुरतं आणि आठवड्यातले ठरावीक दिवस. आणि ती बाई गेल्यावर साचा कोण चालवणार हा प्रश्न त्यांनाही आहेच, तिनेच सांगितलं, ओठांवर.

आता आपल्याकडे या. 1991 चा नियम होता की गिरणीच्या जागेचे तीन वाटे, एक पालिकेला मोकळी जागा, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला बदल केला की वाटे फक्त रिकाम्या जागेचे, बांधकाम आहे त्याचे नाहीत, आणि 2006 ला सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. झालं, सहाशे एकरचा खेळ खलास. टॉवर आले, मॉल आले. चिमणी मात्र ठेवतात काही ठिकाणी, मॉलच्या मधे, संध्याकाळी लाइट सोडतात त्यावर, पोरं सेल्फी काढतात. खाली काय होतं हे सांगणारी एक पाटी नाही, असली तर एसीच्या पाइपमागे असेल. कामगारांच्या घरांचं तर बोलूच नये, 2012 ला 6,925 घरांची लॉटरी निघाली आणि अर्ज लाखावर, माझा नंबर अजून लागायचाय, आता शेलू-वांगणीला जा म्हणतात.

तरी एक जागा शिल्लक आहे. काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल 2 आणि 3, मूळची ससूनांची. तिथे पालिका टेक्स्टाइल म्युझियम करणार हे मी इतकी वर्षं वाचतोय की माझी मुलगी तेव्हा शाळेत होती ती आता आई झाली. होईल तेव्हा होईल, सुशोभीकरण, कारंजं, भिंतीवर कामगारांची चित्रं, सगळं करा. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी एक खातं चालू करा. वीस साचे ठेवा, दहा ठेवा, पण चालू. पडद्यावर फिल्म आणि स्पीकरमधून आवाज नको. वाफेचं इंजिन नसलं तरी चालेल, मोटर लावा. आणि ते चालवायला आत्ता, याच वर्षी, जुन्या साचेवाल्यांना बोलवा. आम्ही संपाच्या वेळी पंचविशीचे होतो म्हणून आज आहोत, जॉबर लोक तर जवळपास सगळे गेले. इमारत आणखी दहा वर्षं पत्रे ठोकून उभी राहील हो, साचा ट्यून करणारा माणूस राहणार नाही. पगार नको, लोकलचा पास द्या आणि दुपारचा चहा. आठ-दहा पोरं शिकायला द्या आमच्या हाताखाली. इचलकरंजी-भिवंडीत अजून साधे माग चालतात, ते भंगारात जायच्या आत त्यातले चांगले बघून घ्या, किलोच्या भावाने मिळतील.

माझ्याकडे एक धोटा आहे. 1982 च्या जानेवारीत पाळी संपवून निघताना खिशात राहिला होता, परत द्यायला गेट उघडलंच नाही, म्हणजे तशी चोरी नाही. टोकाला पितळ आहे, लाकूड तेलाने काळं झालंय, वडिलांनीही तोच वापरला होता. नातवाला खेळायला द्यायचा नाही म्हणून माळ्यावर ठेवलाय. म्युझियमसाठी तो कुणाकडे जमा करायचा हे विचारायला पालिकेत दोनदा जाऊन आलो, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, शेवटी एकाने अर्ज करा सांगितलं आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा ते त्यालाही माहीत नव्हतं. आपल्या वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर पेपरातून कळवावं, मी येऊन देईन.

आपला,
एक जुना साचेवाला, डोंबिवली (पूर्व)